आधी काळी तार

"बाबा, तुम्ही भित्रे आहात का हो?"

विचारून झालं आणि युन-शानने जीभ चावली. बाबांच्या दुकानाच्या दाराआड तिच्या मैत्रिणी तोंड दाबून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. उद्याच्या माझू या समुद्रदेवीच्या मिरवणुकीसाठी आ-होक काकाने ट्रकवर दिव्यांच्या माळांवर माळा चढवल्या होत्या. फ्यूज सारखा उडत होता. आणि गाड्यांचं वायरिंग करण्यात उभं आयुष्य घालवलेले बाबा मोठा फ्यूज टाकायला साफ नाही म्हणत होते.

"आहेच मुळी," बाबा वायर सोलता सोलता म्हणाले. "बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक त्याला गरीब गाय समजतात. पण बारीक तारेतून जास्त करंट ओढला की तार तापते, पेटते. त्याआधी फ्यूजने जळायचं असतं."

"देवीचं काम आहे, ती घेईल सांभाळून!" काका खिदळत निघून गेला.

दुसऱ्या संध्याकाळी तोच ट्रक लखलखत निघाला. मागे आई आणि गल्लीतल्या बायका गात होत्या, पुढे काकाशेजारी युन-शान. बाबा पार पुढे, पालखीला खांदा देऊन. फटाक्यांचा नुसता धूर! म्हणूनच दुसरा धूर कुणाला कळला नाही. युन-शानला मात्र वास आला. हा फटाक्यांच्या दारूचा नव्हे, दुकानातला वास. जळक्या प्लॅस्टिकचा.

"काका, फ्यूजला काय केलंत?"

"काही नाही गं, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला, उडायचा थांबला..."

"गाडी थांबवा!" ती ओरडली. काकाने ब्रेक दाबून चावी काढली, तरी दिवे जळतच राहिले. ते थेट बॅटरीला जोडलेले होते.

"आई, उतर! सगळ्या उतरा!"

फटाक्यांत तिचा आवाज कुठे विरला कोण जाणे. बायका गातच होत्या. सीटखालचा पाना घेऊन ती बॅटरीकडे धावली. घाबरलेल्या काकाने पाना हिसकावून लाल तारेलाच लावला.

"लाल नको!" तिने त्याला ढकलून पाना परत घेतला. "गाडीचं सगळं अंग काळ्या तारेला जोडलेलं असतं. पाना पत्र्याला टेकला तर भडका उडेल! आधी काळी!"

काळ्या तारेच्या नटावरून पाना दोनदा घसरला. शेवटी नट फिरला, निळी ठिणगी तडतडली आणि अख्खा ट्रक अंधारला. गाणं तुटलं.

बाबा धापा टाकत आले. डॅशबोर्डखालची वितळलेली तार त्यांनी पाहिली, मग आईकडे पाहिलं. रस्त्याच्या कडेला मटकन बसले.

घरी वाटीतल्या शेवया कुणालाच जाईनात.

"उद्यापासून दुकानात पाऊल टाकायचं नाही," आई म्हणाली. "अभ्यास कर. ऑफिसातली नोकरी बघ."

युन-शानने वाटी बाजूला सारली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. नववीनंतर मी गाड्यांच्या विजेचं काम शिकवणाऱ्या शाळेत जाणार. बाबा, माझ्या मापाचे हातमोजे आणा."