बारावी जागा

केंद्रप्रमुख म्हणून आलेल्या नव्या मॅडमनी कार्डं एकेक करून माझ्यापुढे मांडली. सदतीस कार्डं, आणि प्रत्येकाच्या मागे एकाच बाईच्या सह्या. ती बाई म्हणजे मी.

चोवीस वर्षं मी या रेडिओ केंद्राची गाण्यांची लायब्ररी सांभाळते आहे. नव्या गायकाची सीडी आली की तिचं एक कार्ड होतं. कार्यक्रमासाठी जो सीडी नेईल, त्याने कार्डामागे तारीख टाकून सही करायची. पाच वर्षांत एकही सही झाली नाही, तर सीडी मोडीत. हा नियम करणाऱ्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नसणार. इथले निर्माते फिरून फिरून त्याच दहा सीड्या नेतात. मग जो आवाज वाया जाऊ नये असं मला वाटायचं, त्याच्या कार्डावर मीच सही ठोकून द्यायचे. सीडी जागची हलायची नाही, पण जगायची.

मॅडम चिडल्या नव्हत्या, त्याचीच मला जास्त भीती वाटली. इमारत रिकामी करायची होती. ठेवायचं ते कॉम्प्युटरवर चढलं होतं आणि उरलेलं आज चार वाजता कापायच्या मशीनमध्ये जायचं होतं. माझ्या सह्या खोट्या, म्हणजे सदतीसच्या सदतीस सीड्या त्यात जाणार. खरं सांगते, लाज नंतर वाटली, आधी राग आला.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "यातल्या बारा निवडा. प्रत्येकीपुढे एक ओळ लिहा, पन्नास वर्षांनी हा आवाज कुणी का ऐकावा. त्या बारा मी सही करून कॉम्प्युटरवर चढवायला देते. बाकीच्या तुम्ही स्वतः मशीनमध्ये घालायच्या."

तेव्हा पावणेएक वाजला होता.

त्या सदतिसांत एक सीडी माझ्या धाकट्या बहिणीची होती. आठ वर्षांपूर्वी याच केंद्रात तिने चार गाणी गायली. दोन महिन्यांनी तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता ती बोलते ती कुजबुज, तीही दोन वाक्यांत दमते. गाण्यांची एक कॉपी आमच्या घरी आहे, पण तेवढ्याने तिचं समाधान नाही. आज सकाळी माझ्या हातात डबा देताना ती म्हणाली होती, "घरातली कॉपी आपल्या दोघींबरोबर संपणार, ताई. तिथली राहिली पाहिजे." मी आहे ना तिथे, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते.

हेडफोन चढवले आणि ऐकायला बसले. बडे गायक या ढिगात नव्हते. ते टिकतील की नाही याची काळजी करायला पगारी माणसं आहेत. माझ्याकडे उरले होते ते हे लोक. गिटार वाजवणारी एक नर्स, तिची दोन कडव्यांमधली शांतता ऐकून अजूनही माझा हात थांबतो. दोघे भाऊ, गातात की भांडतात ते शेवटपर्यंत कळत नाही. अडीच वाजेपर्यंत अकरा ओळी लिहून झाल्या. ओळ लिहायला फार वेळ लागत नव्हता, पुढची सीडी बाजूला सारायला लागत होता.

बाराव्या जागेसाठी दोघं उरली. एक धाकटी. दुसरा भराभर बोलत गाणारा, रॅप की काय म्हणतात तो, बसडेपोतला एक मेकॅनिक. त्याचं गाणं मला मुळीच आवडत नाही, डोकं उठतं. त्याच्या कार्डावर मी सही केली ती नाइलाजाने. मागच्या संपात गेटवर सगळे कामगार त्याच्या ओळी म्हणत होते आणि त्या कुणाच्या आहेत हे एकालाही ठाऊक नव्हतं.

धाकटीची सीडी मी तीनदा ऐकली. गोड आवाज, स्वच्छ, सुरेल. असे आवाज मी चोवीस वर्षांत पुष्कळ ऐकले. हे मी आठ वर्षं जाणून होते आणि दरवर्षी सही करत होते. कागदावर तिचं नाव लिहिलं आणि पुढची ओळ सुचेना. पन्नास वर्षांनी कुणी का ऐकावं? माझ्याकडे एकच खरं कारण होतं, ती माझी बहीण आहे. मॅडमना यातलं काहीच माहीत नव्हतं. काहीही लिहिलं असतं तरी त्यांनी सही केली असती.

चारला दहा कमी असताना मी ते नाव खोडलं आणि मेकॅनिकचं लिहिलं. पुढे लिहिलं, लोक याच्या ओळी म्हणतात, त्याचं नाव माहीत नसतानाही.

पंचवीस सीड्या मशीनमध्ये घातल्या. धाकटीची शेवटी. ती कापायला मशीनला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

घरी आले तर ती स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसली होती. मी चप्पलही काढली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर खोटं बोलले असते. तिचे हात थांबले.

"माझ्या जागी कोण?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"ऐकव."

निघताना त्याचं गाणं फोनवर उतरवून घेतलं होतं, ते लावलं. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मध्ये एकदा बोटांनी मांडीवर ठेका धरला आणि लगेच सोडला.

"दुसऱ्या कडव्यात श्वास अपुरा पडलाय त्याला," ती कुजबुजली. मग दम घेऊन म्हणाली, "पण राहील हा. तू बरोबर केलंस."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तिने तो हळूच बाजूला केला, मोडलेल्या शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि आपल्या खोलीत गेली. आतून कडी लागली. आमच्या दोघींच्या या घरात आजवर कुणी कुणापासून कडी लावली नव्हती.