साबण, पाणी आणि धीर

भिंगरीचा चेहरा दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेला होता, आणि तोही एकदा नाही, दोनदा. डावीकडच्या फोटोत कपाळभर पुरळ आणि हनुवटीवर एक असा फोड, की त्याला बसायला वेगळी खुर्ची द्यावी. उजवीकडच्या फोटोत तीच भिंगरी, पण गाल असे की माशी बसली तर घसरून पडेल. खाली बाबांच्या अक्षरात, जे त्यांच्या औषधाच्या चिठ्ठ्यांवर आजवर कुणाला लागलेलं नाही पण इथे मात्र सुवाच्य होतं, लिहिलेलं होतं: फक्त साबण, पाणी आणि धीर.

यातला साबण खरा होता. पाणीही खरं होतं. धीराच्या जागी एक ट्यूब होती.

बाबा त्वचेचे डॉक्टर. पुढच्या दोन खोल्या दवाखान्याच्या, मागच्या तीन घराच्या, आणि मध्ये एक दार, जे उघडताना असं करकरायचं की चोरून काही करायची सोयच नव्हती. बाहेरच्या काउंटरवर आत्या. आत्या नंबर लावायची, ओरडायची, आणि पेशंट आत जाण्याआधीच त्याला काय झालंय ते सगळ्यांना सांगून टाकायची.

गेल्या वर्षी भिंगरीला पुरळ आलं, तेव्हा बाबांनी तिला बाकीच्या पेशंटांसारखंच समोर स्टुलावर बसवलं होतं. "चेहरा दिवसातून दोनदा धुवायचा, सौम्य साबणाने. घासायचा नाही, ते काही कढईचं बूड नाही. फोड फोडायचे नाहीत, डाग राहतात. रात्री हे जेल, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला. सकाळी सनस्क्रीन, आभाळ आलं असलं तरी. आणि दोन-तीन महिने थांबायचं."

थांबायचं. म्हणणाऱ्याचं काय जातंय. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन पहिल्यांदाच भिंगरीकडे आलं होतं, तेही बाईंनी स्वतः होऊन दिलेलं, आणि ते होतं पंधरवड्यावर. आयुष्यभर जिने वर्गात मागून तिसऱ्या बाकावर तोंड दाबून बडबड केली, तिला पहिल्यांदा माइक मिळणार होता, आणि माइकच्या अगदी वर तो खुर्चीवाला फोड.

शाळेच्या वाटेवरच्या पार्लरमधल्या ताईंनी ड्रॉवरमधून एक ट्यूब काढली. "आठवड्यात फरक," त्या म्हणाल्या. फरक चार दिवसांतच पडला. संमेलनात भिंगरी अशी काही बोलली की मुख्याध्यापकांना मध्ये बोलायला जागा मिळेना. तेव्हापासून ती वर्गात हात वर करायची, पायऱ्या दोन-दोन चढायची, आणि आत्यालासुद्धा उलट उत्तर द्यायची.

संमेलनाहून घरी आल्यावर बाबांनी तिला दिव्याखाली उभं केलं आणि त्यांचे डोळे चक्क पाणावले. "माझं पूर्ण ऐकणारी तू पहिली पेशंट," ते म्हणाले.

आता यावर काय बोलणार.

मग फोटो आले. मग दर दोन पेशंटांमागे हाक यायला लागली, "भिंगरे, जरा बाहेर ये गं." भिंगरी जायची, डावा गाल दाखवायची, उजवा दाखवायची, आणि बरणी फळीवर परत ठेवावी तशी घरात परत यायची. मागून बाबांचा आवाज ऐकू यायचा, "बघितलंत? काही लागत नाही."

तिने ट्यूब सोडून पाहिली नव्हती असं नाही, दोनदा सोडली होती. दुसऱ्याच दिवशी चेहरा तापलेल्या तव्याला टेकवल्यासारखा झाला, आणि गेलेलं पुरळ पाहुणे घेऊन परत आलं. आणि या घरात सर्दी लपली असती, नापास झालेलं लपलं असतं, पण चेहरा कसा लपणार? इथे लोक आधी गाल बघायचे आणि मग जेवलीस का विचारायचे. तेव्हा परत एक ठिपका. लावलं तर खोटं, नाही लावलं तर आग. मधली वाटच नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण तिच्या बाकावर खांब बसायची. खांब म्हणजे तिची मैत्रीण, एवढी उंच की प्रत्येक फोटोत शेवटच्या रांगेत, आणि शाळेच्या बास्केटबॉल संघाचा अर्धा जीव तिच्यात. मामा-मामींकडे राहायची, कमी बोलायची. तिलाही पुरळ यायला लागलं होतं. एक दिवस तिने विचारलं, "तू लावतेस काय गं?" भिंगरीने तिच्या दप्तरात एक नवी ट्यूब सरकवली. अगदी मैत्रीने, आणि थोड्या तोऱ्याने. "कुणाला सांगायचं नाही, शपथ."

आज दुपारी दवाखाना बंद होता. बाबा जेवत होते, आत्या लवंडली होती. भिंगरी करकरणारं दार इंचाइंचाने ढकलून तपासणीच्या खोलीत आली. तिथे पडद्यामागे एक खाट होती आणि तिच्या डोक्याशी भिंगाचा गोल दिवा, ज्यात माणसाचं काहीच लपत नाही. तिने दिवा लावून आरसा भिंगाखाली धरला. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक लाल रेषा उमटल्या होत्या, लाल दोऱ्याने कच्ची शिलाई मारावी तशा. गाल उजळ नव्हते, पातळ झाले होते. तिने ट्यूब दाबून बोटावर ठिपका घेतला, आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीकडचं दार उघडलं.

"या, या, बसा. जेवण काय, रोजचंच आहे." जेवण अर्धं टाकून पुढच्या दाराने आलेले बाबा. आणि त्यांच्या पाठोपाठ एक बाई, आणि मग एक लांब सावली, जी पडद्यावर छतापर्यंत गेली.

भिंगरीने दिवा विझवला. मागे भिंत, बाजूला खाट, खिडकी होती पण जाळीची. पुढे पडदा, आणि पडद्यापलीकडे, हातभर अंतरावर, खांब.

"बघा हिचं थोबाड," मामी म्हणाली. "चांगलं दुधासारखं झालं होतं. मला वाटलं, वयात आली, उजळली. मग ही उशीखाली सापडली." ट्यूब टेबलावर आपटल्याचा आवाज. "मी फेकायला घेतली तर रडायला लागली. दोन दिवस लावली नाही तर हे असं."

पडद्याच्या फटीतून भिंगरीला खांबाचा गाल दिसला. टोमॅटोसारखा लाल, त्यावर बारीक पिवळी टोकं.

बाबांनी ट्यूब उलटसुलट केली. त्यांचा विनोदी आवाज गेला आणि दुसरा आला. "यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड वाईट नसतं, मी कोपरावरच्या इसबाला देतो, थोडे दिवस, लक्ष ठेवून. पण चेहऱ्यावर महिनोनमहिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात भाजतं. आणि सोडलं की दुप्पट भडका. मग माणूस घाबरून परत लावतो. त्यात अडकतात लोक."

भिंगरीच्या बोटावर ठिपका तसाच होता. पुसायला काही नव्हतं.

"आणलीस कुठून बाळा?"

"सापडली," खांब म्हणाली.

"रस्त्यात?" मामी म्हणाली. "वा. आमच्या वेळी रस्त्यात दगड सापडायचे. डॉक्टर, ही पोरगी माझ्या नणंदेची ठेव आहे. उद्या तिला काय तोंड दाखवू? मी हिला स्पष्ट सांगितलंय, कुणी दिली त्याचं नाव सांग, नाहीतर शनिवारचा सामना बंद आणि संघही बंद. शाळा ते घर, घर ते शाळा."

"मामी, सामना नको ना बंद करू."

"मग नाव सांग."

स्टूल बुटकं होतं आणि खांब उंच, त्यामुळे तिचे गुडघे पार छातीशी आले होते. ती खाली बघत होती, आणि बघता बघता तिची नजर पडद्याच्या खालच्या काठाशी येऊन थांबली. तिथे भिंगरीच्या पिवळ्या चपला होत्या. आख्ख्या शाळेला माहीत असलेल्या.

भिंगरीने पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला. मागे भिंत होती.

"हे बघ," बाबा मऊ आवाजात म्हणाले, "तू आमच्या भिंगरीच्या शेजारीच बसतेस ना? तिलाही पुरळ होतं. बाहेर फोटो बघितलास ना तिचा? तिला विचारलं नाहीस कधी, काय लावतेस म्हणून?"

"विचारलं होतं, काका."

"मग? काय म्हणाली?"

खांबाने चपलांवरची नजर उचलली आणि बाबांकडे बघून म्हणाली, "साबण आणि पाणी म्हणाली."

"बघा," बाबा मामीकडे वळून म्हणाले, आणि त्यांचा आवाज अभिमानाने फुलला. "थांबा, तिलाच बोलावतो. भिंगरे, जरा ये गं बाहेर."

त्यांनी हाक घराच्या दिशेने मारली होती. भिंगरी पडद्यातून बाहेर आली.

मामीने छातीवर हात ठेवला. बाबा आधी हसले, मग त्यांना भिंगरीचं वर धरलेलं बोट दिसलं, दुसऱ्या हातातली ट्यूब दिसली, आणि टेबलावरची तिची जुळी बहीणही दिसली.

"मी दिली तिला," भिंगरी म्हणाली. एरवी शंभर वाक्यं बोलणाऱ्या मुलीकडे तेवढंच होतं. मग आणखी एक सापडलं. "तिचा सामना बंद नका करू, मामी. ती शपथ पाळत होती, आणि शपथ मीच घातली होती."

बाबा उठले, तिला खाटेवर बसवलं, भिंगाचा दिवा लावला आणि तिच्या गालावर ओढला. पांढऱ्या उजेडात भिंगरीला फक्त त्यांचा एक डोळा दिसत होता, बशीएवढा. तो बराच वेळ हलला नाही.

"कधीपासून?"

"संमेलनाच्या आधीपासून."

"म्हणजे फोटोआधी."

"हो."

त्यांनी दिवा बाजूला केला. "दिवसभर लोकांचे गाल बघतो. हा रोज जेवताना समोर असतो." मग, जणू दुसऱ्याच कुणाला सांगावं तसं, "मला दिसायला हवं होतं. पण मला तो फोटो फार आवडला."

रागावले असते तर बरं झालं असतं, असं भिंगरीला वाटलं.

"आता?" तिने विचारलं.

"आता दोघींचं एकच. ट्यूब आजपासून बंद. मी दुसरं औषध देतो, त्याने आग कमी होईल, पण भडका उठणारच. काही आठवडे, कदाचित महिने. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बाकी काही लावायचं नाही. आधी बिघडेल, मग सुधारेल. शाळेत जायचं, खेळायचं, तसंच."

मामी खांबाकडे बघत होती. "शनिवारी खेळ," ती शेवटी म्हणाली. "पण घरी आल्यावर आपलं बोलणं व्हायचंय."

बाबांनी सवयीने फोन उचलला. "आजचा एक फोटो काढून ठेवतो."

भिंगरीने हात आडवा धरला. "फाइलमध्ये ठेवा. भिंतीवर नाही."

बाबांनी मान हलवली. "भिंतीवर नाही."

तेवढ्यात बाहेर शटर खडखडलं आणि आत्याचा आवाज आला. "भिंगरे, अगं इकडे एक बाई आल्यात मुलीला घेऊन. तिला तुझा चेहरा दाखवायचाय, ये बघू पटकन."

बाबा घाईने उठले. "तू थांब. मी सांगतो त्यांना."

"काय सांगणार?"

सगळ्या गावाला त्वचा समजावून सांगणारा माणूस दारात तसाच उभा राहिला. भिंगरीने बेसिनवर बोट धुतलं, एकदा, मग परत एकदा. पाय मात्र दाराकडे वळेनात. दारापलीकडे ती भिंत होती आणि तिच्याखाली ओळीने बसलेले लोक, आणि उद्या-परवापासून तिचा चेहरा त्यांना काय काय सांगणार होता.

खांब स्टुलावरून उठली. "चल. मी मागे उभी राहते. मला सवय आहे."

बाहेरच्या खोलीत सगळ्या माना वळल्या. भिंगरीने आधी भिंतीवरची उजवीकडची फ्रेम उतरवून काउंटरवर पालथी ठेवली. आत्या म्हणाली, "अगं, हे काय?" त्या बाईंची मुलगी केसांनी कपाळ झाकून बसली होती आणि भिंगरीच्या गालांकडे अशी बघत होती, जशी भिंगरी कधीकाळी ताईंच्या ड्रॉवरकडे बघत होती.

भिंगरीने डावा गाल दाखवला नाही, उजवाही नाही. ती सरळ तिच्यासमोर जाऊन बसली.

"साबण आणि पाणी खरं आहे," ती म्हणाली. "बाकीचं सांगते."