बाल्कनीतली उन्हाळी

माणसाने एका झुडपापायी किती वेडं व्हावं, याला काही सुमार? विजयकुमारला नव्हता. एमएस्सी बॉटनी झालेला माणूस, पण दुबईत आयुष्य गेलं ते रस्त्यांमधल्या पट्ट्यांत पेटुनिया लावून घेण्यात. थंडीत लावायची, ऊन तापलं की उपटून फेकायची, परत थंडीत लावायची. आता पुढच्या महिन्यात सगळं आवरून कायमचं गावी जायचं होतं, आणि तो इतका दमला होता की करामाच्या फ्लॅटचा जिना चढतानाही मध्येच कठड्याला धरून उभा राहायचा. "अहो, लिफ्ट आहे ना?" अनुपमा विचारायची. लिफ्टची वाट बघायचाही त्याला कंटाळा आला होता.

जीव अडकला होता तो फक्त उन्हाळीत.

उन्हाळी म्हणजे शरपुंखा. गावाकडे खटावच्या माळावर कुठेही उगवते. जांभळट फुलं, चपट्या शेंगा. ओळखायची खूण सोपी. पानाचं टोक चिमटीत धरून ओढलं की ते सरळ तुटत नाही, बाणाच्या पिसासारखं तिरकं तुटतं. तिची एक बहीण इकडे शहराबाहेर, डोंगरातल्या हत्ताच्या बाजूला खडकाळ माळावर वाढते. पान तसंच तुटतं, पण इथली पानं बारीक आणि अंगावर रुपेरी लव. लेक वैभवी लहान असताना सगळे तिथे पिकनिकला गेले होते तेव्हा विजयकुमारला एका घळीत हीच उन्हाळी दिसली, पण निराळीच. पानं रुंद, हिरवीगार, लव औषधालासुद्धा नाही. त्या दिवसापासून त्याच्या मनाने घेतलं की हा वेगळा वाण आहे, फक्त या घळीतला, आजवर कुणी न नोंदलेला. त्याला लेकीचं नाव द्यायचंही तेव्हाच ठरलं. घरात त्या झाडाला सगळे 'धाकटी वैभवी' म्हणायचे, आणि थोरली आता कॉलेजात जायला लागली होती.

"इतकी वर्षं या देशात काढली," तो अनुपमाला म्हणायचा, "एवढं एक तरी माझ्या नावावर घेऊन जाऊ दे. रिकाम्या हाताने नाही जायचं मला."

पण नुसतं म्हणून वाण ठरत नाही. विद्यापीठात शिकवणारा त्याचा लाहोरी मित्र मुश्ताक याने निक्षून सांगितलं होतं, "यार, दोनो जगह के बीज एक साथ उगाओ. दोनो को प्यासा रखो. तेरी वाली फिर भी हरी निकली, तो मैं खुद तेरे साथ पेपर लिखूँगा." म्हणून यंदाच्या थंडीत बाल्कनीत कुंड्या मांडल्या गेल्या. घळीतल्या बियांच्या कुंड्यांत लाल दोरा, हत्ताच्याच साध्या माळावरच्या बियांच्या कुंड्यांत पांढरा. दोरे वरच्या खडीखाली पुरून टाकले आणि मग मुश्ताकने कुंड्यांची अशी काही सरमिसळ केली की कुठली कुठे ते कुणालाच कळू नये. रोपं वर आल्यावर पाणी आठवड्यातून एकदा, तेही अर्धा पेला, आणि ते अनुपमाने घालायचं. विजयकुमारने शेवटच्या दिवसापर्यंत जवळ जाऊन बघायचं नाही, कारण रोज बघणाऱ्याला हवं तेच दिसतं.

विजयकुमारने हे सगळं सोवळ्यासारखं पाळलं. फक्त संध्याकाळी अल क्वोजच्या ऑफिसातून आला की काचेआडून एक नजर टाकायचा. काचेआडून हिरवं दिसायचं. रुंद पानं दिसायची. मग तो सोफ्यावर अंग टाकायचा आणि चहा गार होईस्तोवर तसाच पडून राहायचा, पण चेहरा निवलेला असायचा.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मुश्ताक आला. "चलो, यल्ला, देखते हैं," म्हणत त्याने बाल्कनीचं दार सरकवलं, पहिल्याच कुंडीत बोट घातलं आणि तो थबकला.

"विजय, ये मिट्टी गीली है."

"शक्यच नाही!" विजयकुमारने दुसरी कुंडी चाचपली. तीही ओली. तिसरीत खडीवर तांदळाचा एक दाणा फुगून बसला होता. तो दाणा बोटावर घेऊन विजयकुमारने मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात अनुपमा पदराला हात पुसत उभी होती, आणि तिचा चेहरा पडला होता.

"तू जास्तीचं पाणी घालत होतीस?"

"तांदळाचं धुवण," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसला गेलात की. रोज. टाकूनच देते ना मी ते."

"रोज!" त्याचा आवाज फाटला. "सांगितलं होतं ना तुला? बजावलं होतं! सगळ्या कष्टांवर पाणी ओतलंस! आता पुढच्या थंडीत कुठून आणू मी ही बाल्कनी?" वैभवी कानातले हेडफोन काढून बाहेर आली. "बाबा, प्लीज, डोन्ट शाउट," ती म्हणाली, पण बाबाला थांबवायची कुणाची टाप नव्हती. बोलता बोलता त्यालाच धाप लागली आणि तो बाल्कनीच्या उंबऱ्यावर मटकन बसला.

मुश्ताक मात्र एकेका कुंडीतला दोरा उकरून काढत होता. लाल. पांढरा. पांढरा. लाल. मग त्याने दोन रोपं शेजारी ठेवली आणि हलकेच म्हणाला, "विजय, इधर देख."

विजयकुमारने पाहिलं. लाल दोऱ्याच्या रोपाची पानं रुंद, हिरवी, गुळगुळीत. पांढऱ्या दोऱ्याच्याही अगदी तशीच. रुपेरी लव कुठेच नव्हती. रखरखीत माळावरची साधी उन्हाळी, रोज तांदळाचं पाणी पिऊन, घळीतल्या उन्हाळीशेजारी जुळ्या बहिणीसारखी उभी होती.

"तेरी घाटी के ऊपर क्या है?" मुश्ताकने विचारलं.

विजयकुमार आठवायला लागला, पण आठवावं लागेल असं त्यात काही नव्हतंच मुळी. घळीच्या वरच्या अंगाला पाण्याचे टँकर भरायची जागा होती. दर खेपेला त्याची गाडी तिथल्याच चिखलात रुतायची. दर खेपेला तो त्या चिखलाला शिव्या घालत बूट पुसायचा आणि खाली उतरून म्हणायचा, काय हिरवीगार आहे बघा!

"वेगळी नाही ती," तो म्हणाला. "वेगळी नव्हतीच कधी. तिला फक्त पाणी मिळत होतं." मुश्ताकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाभी ने जवाब दे दिया, यार. सही जवाब." मग चहा न घेताच तो निघून गेला, कारण अशा वेळी थांबून करायचं तरी काय?

"सो देअर इज नो धाकटी मी?" वैभवीने हळूच विचारलं. बापाने नुसती मान हलवली. ती खाली वाकली, त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि आत गेली.

अनुपमा येऊन उंबऱ्यावर त्याच्याजवळ बसली. खालच्या हॉटेलातून डोशाचा वास येत होता.

"मुद्दाम नाही हो केलं," ती म्हणाली. "माना टाकल्या होत्या त्यांनी. मला नाही बघवलं. इतकी वर्षं तुम्ही रोज संध्याकाळी घरी येता आणि असे सुकून पडता, मला कधी कळलंच नाही तुम्हाला काय घालावं. यांना काय हवं ते तरी कळत होतं."

विजयकुमारला राग आणायचा होता. आला नाही. डोळ्यांत पाणी मात्र आलं, आणि ते पुसायचाही त्याला कंटाळा आला. त्याने पांढऱ्या दोऱ्याच्या रोपाचं एक पान चिमटीत धरलं, टोक ओढलं. तिरकं तुटलं.

"आजचे तांदूळ धुतलेस?" त्याने विचारलं.

"अजून नाही."

"धुतलेस की पाणी इकडे आण," तो म्हणाला. "मी घालतो."