जबाबातलं जास्तीचं वाक्य

"आवाज कमी करा. विहीणबाई जिना चढतायत," बायको म्हणाली. टायपिस्टकाकांनी मुकाट्यानं रिमोट उचलला. पडद्यावरचं गलेलठ्ठ अस्वल नुकतंच छपरावरून पडून कागदासारखं सपाट झालं होतं आणि आता टुणकन उठून बसलं होतं. काकांना आलेलं हसू तसंच गिळावं लागलं.

काका कोर्टात साक्षी टाइप करायचे. एकोणतीस वर्षं हेच काम. कुणी कुणाला कशानं मारलं, प्रेत आधी कुणी पाहिलं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. घरी आले की हातपाय धुऊन तासभर कार्टून बघायचे. आधी मुलाला सोबत म्हणून बसायचे. मुलगा मोठा झाला, संसाराला लागला, काका मात्र तिथंच बसून राहिले.

"चारचौघांत सांगायची सोय नाही," बायको कुरकुरायची.

"अगं, तिथं कुणी मरत नाही," काका म्हणायचे. तिला ते पुरत नसे.

बुधवारी एका मजुराच्या आईची साक्ष होती. मुलगा बांधकामावरून पडून दगावला होता. खाली जाळी नव्हती, आणि ठेकेदार म्हणत होता, तो तिथं पडलाच नाही. पडताना पाहणारी ही आई तेवढी एकटी. तिच्या जबाबात एक शब्द इकडचा तिकडे झाला, तरी ते ठेकेदाराच्या वकिलाच्या पथ्यावर पडणार होतं.

"डबा द्यायला गेले होते," बाई म्हणाल्या. "वरून त्यानं मला हात केला. मग... आलाच खाली."

न्यायाधीश साहेबांनी रिवाजाप्रमाणे त्याचं वाक्य करून टाइप करायला सांगितलं आणि काकांची बोटं सवयीनं चालली.

साक्ष संपली. सहीआधी जबाब वाचून दाखवायचा असतो. काका एकसुरी आवाजात वाचत गेले. "माझा मुलगा चौथ्या मजल्यावरून खाली पडला आणि लगेच उठून बसला."

वकिलानं झटकन मान वर केली. काका वाचायचे थांबले.

"साहेब, चूक माझी आहे," ते उभे राहून म्हणाले. "बाई असं बोलल्या नाहीत. माझ्याच हातून आलं ते."

"तुमच्या हातून?" साहेबांनी चष्मा काढला. वकील काही बोलणार होता, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. "मीही ऐकलंय त्या काय बोलल्या ते. दुरुस्त करा."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या घरच्या तासाभराच्या सुखानं या बाईची थट्टा केली, असं वाटून त्यांना तिच्याकडे बघवेना.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "तेवढं एकदा परत वाचाल का?"

काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली.

काकांनी वाचलं, या वेळी सावकाश. बाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता पुसा."

काकांनी ते चार शब्द पुसले, 'पडला'च्या पुढं पूर्णविराम दिला आणि नवा कागद काढून सहीसाठी बाईंपुढं ठेवला.