दोन पाटे कमी

आमची पिकअप भरली असली का राणीवानी चालते, अन् रिकामी झाली का माकडावानी उड्या मारते. मागून उंच, समोरून खाली, बूड वर करून उभी राहते. मागच्या चाकावर लोखंडाचे पाटे एकावर एक बसवले राहते ना, ते वजनासाठीच हायत. झेंडूचे कॅरेट टाका, वांग्याचे पोते टाका, मंग पाहा तिची चाल. माणसाले बसवाले ती गाडी बनलीच नाही. इतकी वर्सं मले त्याचं काही वाटलं नव्हतं. यंदा वाटलं, कारण रागिणीले बाळंतपणासाठी घरी आणाचं होतं.

रागिणी आमची एकटीच लेक. अचलपूरले देली. पहिलं बाळंतपण मायच्या घरी, हे आमच्याकडं कोणाले सांगा लागत नाही. सातव्या महिन्यात आणाची. आठवा लागला का मंग लेकीले प्रवास करू देत नाही. सातवा अर्धा होत आला होता. अन् खरं सांगू? ती गेल्यापासून घरात मन लागत नव्हतं बाप्पा. ताटावर बसलो का तिच्या जागेकडं पाहो अन् अर्धी भाकर तशीच राहे.

पण विहीणबाईनं, म्हणजे तिच्या सासूनं, सत्यभामाबाईनं फोनवर साफ सांगतलं, "भाऊ, राग नका मानू. दिवाळीले त्या भाजीच्या गाडीत बसून आली तर पोरगी दोन दिवस कंबर धरून होती. भाड्याची कार आणा, नाही तर मी पाठवत नाही."

रागिणीनं मागून फोन हिसकला. "बाबा, बंद कारमंदी मले उलट्या होते, माहीत हाय न तुमाले? मी आपल्याच गाडीत येईन. खिडकीपाशी."

त्या खिडकीपाशी ती लहानाची मोठी झाली. परतवाड्याच्या बाजारातून येताना एकेक गाव आलं का मोठ्यानं नाव घे, अन् घराच्या वळणावर माझा हात बाजूले सारून सोताच हॉर्न दाबे. हॉर्न ऐकला का तिची माय, आमची जयवंता, चुलीपासून उठून बाहेर येत जाय.

मंग काय, गाडी घेतली अन् अकोल्यात शालिकरामच्या दुकानात गेलो. पाटे अन् टायरचं काम त्याच्यावानी कोणी करत नाही, पण बोलते लय. म्हणून जयवंताही आली संगं. "तुमाले कोणीही टोपी घालते," म्हणे.

शालिकरामनं गाडीभोवती एक चक्कर मारली. "भाऊ, लेवलच कराची असन तर समोरून उचलू. किट हाय आपल्यापाशी. आजकालचे पोट्टे तेच टाकून राहिले. चौकात उभी केली का लोक वळून पाहते!"

"लोकायनं पाहून काय कराचं? लोणचं घालू?" जयवंता भडकली. "पोटुशी पोरगी बसणार हाय. तिले झटका नाही लागला पाहिजे. बस."

तो एकदम नरम झाला. "असं सांगा न काकू. मंग मागचे दोन पाटे काढा लागते. समोरून बारका गुटका, लोखंडाचा ठोकळा, देतो, गाडी सपाट होते. टायर हे नायलॉनचे काढून रेडियल टाकू, ते मऊ चालते. पण भाऊ, माल अर्धाच भरा लागन, नाही तर बूड रस्त्याले टेकीन. दसरा आला तोंडावर. झेंडू कायच्यात नेसान?"

मी जयवंताकडं पाहिलं. ती म्हणे, "काढ रे बाबा पाटे. झेंडू दोन खेपात नेऊ."

काम झाल्यावर तिनं तिथंच काठोकाठ पाण्यानं भरलेला लोटा मांडीवर घेतला अन् कॅबिनमंदी बसली. "चला आता. पाहू." मी गाडी अशी चालवली का लग्नातही कधी इतका जपून वागलो नसीन. अर्धी वाट सरली, गाव आलं, लोटा भरलेलाच. आमच्या वळणावरच्या खड्ड्यात तेवढं थोडं पाणी लुगड्यावर सांडलं. "हे तुमच्या डायव्हरकीचं हाय, गाडीचं नाही," ती हसून म्हणाली. लय दिवसांनी हसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. जयवंतानं मधल्या खोलीत बाज टाकली, अन् उंबऱ्याजवळ भाकरीचा तुकडा अन् पाण्याचा तांब्या मांडून ठेवला. लेक घरी आली का तिच्यावरून ओवाळून टाकाले.

अचलपूरले पोचलो तर जावई, कुलदीप, फाटकातच उभा. तोंड उतरलेलं. "मामा, सकाळपासून फोन लावून राहिलो तुमाले, लागतच नाही. काल रात्री उशिरा तपासणी झाली. डॉक्टर म्हणते बाळंतपण होईपर्यंत प्रवास नाही. दोघंही ठीक हायत, घरात उठूबसू शकते, पण प्रवास अजिबात नाही."

"अरे पण गाडी तर पाहा!" मी ओरडलोच त्याच्यावर. "पाटे काढले दोन! टायर बदलले! लोटा नाही सांडला!"

सत्यभामाबाई बाहेर आल्या. मागच्या फाळक्यावर हात ठेवून गाडी दाबून पाहिली. "दिसते हो भाऊ, किती जीव लावला ते. पण डॉक्टरसमोर काय बोलू मी?"

मी ओट्यावर बसलो अन् रडलो. लाज कायची? पोरगी न्याले आलो होतो.

रागिणी आतून हळूहळू आली. डोळे सुजलेले. "बाबा, मले नुसतं बसू द्या न गाडीत. जाचं नाही कुठं."

सासूनं मानेनंच हो म्हटलं. कुलदीपनं चढाले लाकडी पाट मांडला, तिले धरून खिडकीपाशी बसवलं. मी माझ्या जागेवर बसलो.

"चालू करा."

इंजिन चालू केलं. ब्रेकवर पाय दाबून धरला. तिनं डोळे मिटले.

"परतवाडा गेलं," ती म्हणाली. मंग, "पथ्रोट आलं." सत्यभामाबाई दारापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. "अंजनगाव. बाबा, हळू, इथं रस्ता खराब हाय." मी ब्रेक अजून दाबला. "दर्यापूर. आता आपलं वावर. झेंडू फुलला व माय किती!" अन् तिनं माझा हात बाजूले सारून हॉर्न दाबला.

सत्यभामाबाई लगबगीनं घरात गेल्या. आल्या त्या एका हातात भाकरीचा तुकडा अन् दुसऱ्या हातात तांब्या घेऊन. खिडकीतूनच रागिणीवरून ओवाळलं, तुकडा बाजूले फेकला, अन् तिच्या डोळ्याले पाणी लावलं. "उतर व पोरी," म्हणाल्या. "आलं घर."

रागिणी त्यायच्या खांद्याले धरून उतरली.

मी ब्रेकवरचा पाय काढला नाही. तिकडं गावात जयवंता उंबऱ्यात हॉर्नची वाट पाहत बसली होती, अन् तिले अजून कोणी काही सांगतलं नव्हतं.