राष्ट्राध्यक्षांचे बूट

राष्ट्राध्यक्ष आमच्या बंदरावर उतरले ते आपला देश बरोबर घेऊनच. तो त्यांच्या बुटांभोवती अंगणाएवढा पसरलेला असे. ते चालले की देशही चाले, आणि ऐन वैशाखात त्याच्यात बर्फ पडे. कडेनं दोन शिपाई सीमा राखत.

फौजदार हेमलता सारंग यांच्या खिशात राष्ट्राध्यक्षांच्या अटकेचं वॉरंट होतं. राष्ट्राध्यक्षांनी इथल्या एका जहाजाचे खलाशी पकडून, कारणही न सांगता, आपल्या तुरुंगात डांबले होते. त्यात भामाकाकी पराडकरांचा मुलगा मोरेश्वरही होता. हेमलताबाईंनी धक्क्यावरच सीमा ओलांडली. ओलांडताक्षणी वॉरंट कोरं झालं, खांद्यावरचे तारे विझले आणि शिट्टीतून नुसती वाफ आली. शिपायांनी त्यांना अदबीनं उचलून परत भारतात ठेवलं.

"बाई, ते उभे असतील तिथं त्यांचाच कायदा," सरकारी वकील टिपणीस म्हणाले. "हात लावता येत नाही."

"झोपले तर?"

"झोपही सरकारी."

"आणि शिंकले तर?"

"शिंकेलाही संरक्षण आहे. कलम दाखवू?"

"राहू दे, तुम्हांलाच लागेल," म्हणत बाई निघाल्या.

त्यातून गावाला सत्काराची भारी हौस. एकेका हारासरशी तो देश हात-दोन हात वाढू लागला. पोस्ट परदेशात गेलं. मासळीबाजार अर्धा गेला, आणि कोळणी गोठलेल्या सुरमईवर बसून गिऱ्हाइकांना पलीकडून हाका मारू लागल्या.

भामाकाकी मागल्या दारी बांगडे साफ करत होत्या. "हेमा, त्या मेल्याला घेऊन मी काय करू? मला मोरू हवा."

"मोरूला सोडायचा हुकूम त्यालाच देता येतो, काकी."

काकींनी पुढचा बांगडा उचलला. "मग जेवायला बोलाव त्याला."

गरीब बाईच्या घरी जेवतानाचा फोटो कुठल्या राष्ट्राध्यक्षाला नको असतो? ते आले. अंगणातली तुळस पांढरी झाली. काकी दारात उभ्या.

"बूट बाहेर."

"महामहिम बूट काढत नाहीत," एक शिपाई म्हणाला.

"मामलेदारानं काढले, मंत्र्यानं काढले. सारवलेल्या जमिनीवर बुटानं कुणी येत नाही."

फोटोवाले खोळंबले होते. महामहिम ओट्यावर बसले, नाड्या सोडल्या आणि अनवाणी आत गेले. देश आकसून बुटांपाशी अंगणातच राहिला. आत पाटावर बसताच त्यांना घाम फुटला.

"धरा आता," ओट्याच्या टोकाशी हेमलताबाईंजवळ उभे असलेले टिपणीस कुजबुजले. "अनवाणी आहे."

"धरला तर तुरुंग कोण उघडणार? आधी मोरू." असं म्हणून, शिपायांनी उचलायच्या आत, हेमलताबाईंनी त्या बुटांत पाय घातले.

बूट ढगळ होते. त्यांनी बोटं आवळून धरली. शिपायांनी सलाम ठोकला.

"तुरुंग आणा," बाई म्हणाल्या.

विहिरीमागून ओल्या दगडांची भिंत पुढं आली आणि फाटक नेमकं त्यांच्यासमोर थांबलं. जेलर अदबीनं वाकला. "कुणाला सोडायचं, महामहिम?"

"सगळ्यांना."

आत काकी भात वाढत होत्या. "घ्या हो, एवढ्यानं काय होतंय? तुमच्या आईनं असं उपाशी उठू दिलं असतं?" पानावरचा भात सरेना. खोली लांबत चालली, तसा दरवाजाही दूर जाऊ लागला. तरी राष्ट्राध्यक्षांनी शेवटी सोलकढी मागितली.

"उकळतेय," काकी म्हणाल्या. सोलकढी कोण उकळतं? पण राष्ट्राध्यक्षांना काय ठाऊक.

बाहेर फाटक उघडलं. खांद्यांवर बर्फ घेतलेली माणसं एकेक करून सीमेपर्यंत आली आणि थांबली. सगळ्यांच्या दाढ्या छातीपर्यंत, सगळ्यांचे डोळे खाली. काकी पळीसकट उंबऱ्यावर आल्या.

"यातला माझा कुठला गो?"

काकींच्या आवाजासरशी रांगेतल्या एकानं पाय उचलला आणि सीमेवर अधांतरी धरला.

आत राष्ट्राध्यक्ष उठले तसा पाट सरकला. हेमलताबाई खाली वाकल्या आणि त्यांनी बुटांच्या नाड्या करकचून बांधल्या.