वारलूभाऊच्या हातातली झेंडी

मित्रांनो, विटलेलं लाल फडकं आणि बांबूची काडी, एवढीच मी. आज मला कोणी पायपुसणं म्हणूनही घेणार नाही. पण चांदा जिल्ह्यातल्या आमच्या तळ्याकाठच्या गावात एके काळी मी खाली आल्याशिवाय शंकरपटातली, म्हणजे बैलांच्या शर्यतीतली, एकही जोडी जिंकत नसे. आहे की नाही तोरा!

अहेरीच्या बाजारातून आणलेल्या रुखमाबाईच्या लुगड्याचा मी पदर. धान कापून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की पूस महिन्यात, म्हणजे पौषात, पट भरायचा. दोन छकड्या, दोन बैलजोड्या शेजारीशेजारी सुसाट सुटायच्या. शेवटच्या रेघेवर रुखमाबाईचा नवरा वारलूभाऊ मला उंच धरून उभा राही आणि जी जोडी आधी रेघ ओलांडेल, तिच्या बाजूला मला खाली आणी. गावची रीतच होती, ज्याच्या गोठ्यात बैल नाही त्यानेच झेंडी धरायची. वारलूभाऊ तळ्यात जाळं टाकणारा. त्याला सगळ्या जोड्या सारख्याच.

काय त्या सकाळी होत्या! बांध्यांवर धुकं, शेताच्या धुऱ्याकडेला लाखोळीची निळी फुलं. बैल दिसायच्या आधी घुंगरं ऐकू यायची. मी वाऱ्यावर डुलत राहायची आणि मला वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत.

एका वर्षी शेवटच्या फेरीत भैयाजी आणि मुखरू यांच्या जोड्या आल्या. धुळीचा लोट उठला. मी धुळीच्या वर होते, मला साफ दिसलं, भैयाजीचे बैल पुढे होते. पण वारलूभाऊचे डोळे मातीने भरलेले. त्याचा हात मुखरूच्या बाजूला खाली आला. मी ओरडले असते, पण फडक्याला कुठली जीभ?

"आंधळा झाला का बे? माही जोडी पुढं होती!" भैयाजी धावून आला.

"मले जसं दिसलं तसं सांगतलं, भाऊ."

पुढचं ऐकून कोण घेतो? भैयाजीच्या माणसांनी ढकलाढकली केली, वारलूभाऊ पडला, माझी काडी मोडली, मी पायाखाली तुडवले गेले. मित्रांनो, भैयाजीचं म्हणणं खरं होतं. पण खरं असलं म्हणून माणसाला मातीत लोळवायचं का? मला अजून राग येतो.

घरी रुखमाबाईने मला टाके घातले. म्हणाली, "आता नोका धरू जी झेंडी. लोकाईच्या बैलापायी आपला जीव काऊन द्याचा?" वारलूभाऊने मला छपरात खोचलं. चुलीच्या धुरात मी पडून राहिले. झोपेत घुंगरं ऐकू यायची, जागी झाल्यावर नुसता धूर.

पुढच्या पुसात झेंडी धरायला कोणीच तयार होईना. बिनबैलाच्या प्रत्येक घराने हात जोडले. शेवटी म्हातारा मनसाराम म्हणाला, "भैयाजी, तुले लय दिसते ना? यंदा जोडी गोठ्यात बांध अन् तूच धर."

भैयाजीने मला वारलूभाऊच्या छपरातून मागवलं, नव्या काडीला बांधलं आणि छाती फुगवून उचललं. जोड्या सुटल्या. समोरून अंगावर येणारी ती शिंगं, ती धूळ! भैयाजीने चक्क डोळे मिटले. मी अधांतरीच लटकत राहिले.

"अबे, टाक ना झेंडी!" लोकांनी ढेकळं फेकली. पट मोडला.

संध्याकाळी भैयाजी मला घेऊन वारलूभाऊच्या अंगणात आला.

"वारलू, त्या धुळीत कोणालेच दिसत नाई गा."

"नाई दिसत."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोणी इचारलंच नाई, भाऊ."

भैयाजीची मान खाली गेली. "चुकलो गा मी. काय पायजे ते सांग, पण झेंडी तूच धर."

वारलूभाऊने सांगितलं. रेघेजवळ पाणी शिंपडा. पलीकडल्या बाजूला आणखी एक माणूस उभा करा. काट्याकुट्यांचा कूड घालून लोकांना त्याच्या बाहेर ठेवा. आणि तक्रार असेल तर संध्याकाळी चावडीवर, बसून.

पुढल्या वर्षी तसंच झालं. पलीकडे बिनबैलाच्याच घरातला बिरजू दुसरं फडकं घेऊन उभा राहिला. शेवटच्या फेरीत पुन्हा भैयाजी आणि मुखरूच. ओली जमीन, स्वच्छ ऊन. मुखरूचे बैल वीतभर पुढे. दोन्ही झेंड्या मुखरूच्या बाजूला खाली आल्या.

भैयाजीची माणसं उसळली. कूड करकरला. वारलूभाऊने मला तसंच खाली धरून ठेवलं. जागचा तो हलला नाही.

भैयाजीने छकडीवरून उडी मारली आणि कुडाशी जाऊन आपल्याच माणसांसमोर हात पसरले. "थांबा! माही जोडी हरली. वारलूले हात लावाचा असन त पयले मले पाडा."

कुणी पुढे आलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही खेळात कुणीतरी रेघेवर उभा असेल. तो कधी चुकेलही, माणूसच आहे. त्याला काय कमी आहे ते विचारा, चुकला तर बसून सांगा. आणि तुम्ही हराल त्या दिवशी, जमलं तर, त्याच्या पुढे उभे राहा.